दोन हजेरीपट

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा फोन आला, "आप्पा, शाळेतल्या रम्य आठवणी लिहा. दोन पानं पुरेत." मी हो म्हणालो आणि आठ दिवस नुसता कागद पुढ्यात घेऊन बसलो. रम्य म्हणावं असं आमच्या तुकडीच्या वाट्याला फारसं आलं नाही. आमची अकरावी मार्च १९७२ ची. जूनमध्ये निकाल लागला, हेडमास्तरांनी पेढा हातावर ठेवला, आणि त्यानंतर जो पाऊस यायचा तो आलाच नाही. आधीची दोन वर्षं ओढाताणीची होतीच, पण घरात कणगीच्या तळाला काहीतरी असायचं. त्या साली दिवाळीला कणगी झाडून उन्हात उपडी घातली.

पंढरपूरच्या कॉलेजात जायचं ठरलं होतं. त्याऐवजी गावापासून तीन मैलांवर दुष्काळी कामात चाललेल्या पाझर तलावावर हजेरी कारकून म्हणून लागलो. मॅट्रिक झालेला, अक्षर बरं असलेला पोरगा हवा होता. अक्षर बरं होतं ते आपल्या मराठीच्या सरांमुळे. शुद्धलेखनाच्या वहीवर शाई सांडली म्हणून त्यांनी एकदा मला आख्खा धडा परत लिहायला लावला होता. तेव्हा मनात त्यांना काय काय म्हणालो ते आता लिहिण्यासारखं नाही.

काम साधं दिसायचं. सकाळी आठला मुस्टर उघडायचं, नावं पुकारायची, हजरला उभी रेघ, खाड्याला फुली. पण त्याआधी मुस्टर भरायचं होतं आणि तिथंच माझी पहिली फजिती झाली. रकाना होता: बापाचं किंवा नवऱ्याचं नाव. बाया आपलं नाव सांगायच्या, नवऱ्याचं म्हटलं की गप्प. मी सतरा वर्षांचा, मागं दीडशे माणसांची रांग, आणि समोरची बाई पदर दातात धरून उभी.

"मावशी, मालकाचं नाव सांगा."

"आता ते कसं घेऊ? जेजुरीला कोण हाय?"

"खंडू का?"

"तेच. लिव्ह."

दुसरीनं आभाळाकडं बोट केलं. मी सूर्यभान म्हणालो, चंद्रकांत म्हणालो. शेवटी मागची म्हातारी ओरडली, "आरं गगन न्हवं, पाऊस इचार! मेघू!" पाऊस म्हटल्यावर सगळी रांग हसली. त्या वर्षी पावसावरून कुणी हसलेलं मला एवढंच आठवतं. वय विचारलं तर, "गांधीबाबाला मारलं त्या साली माझं लगीन झालं, तू कर हिशेब." गणिताच्या सरांनी वयवारीची उदाहरणं फळ्यावर घातली होती, ती अशी समोर येऊन उभी राहतील असं वाटलं नव्हतं. त्याच सरांचं आणखी एक आवडतं उदाहरण होतं: एका हौदाला दोन नळ, एक भरणारा, एक रिकामा करणारा, तर हौद किती वेळात भरेल? आमच्या तलावावर चारशे माणसं खणत होती आणि नळ एकही नव्हता.

आमच्या टोळीत आई होती. तिचं नाव चार अक्षरांचं. तोवर ते फक्त रेशनकार्डावर नांदत होतं. आजी तिला 'थोरली' म्हणायची, वडील 'अगं', गल्लीत ती माझ्या नावाची आई. पहिल्या दिवशी मी तिचं नाव पुकारलंच नाही, खालमानेनं रेघ ओढून पुढं गेलो. लगेच एक बाई म्हणाली, "आमची नावं वरडून घेतोस, अन् आईचं तोंडात धरतोस व्हय रं?" दुसऱ्या दिवशी पुकारलं. आईनं पदराआडून "हाय" म्हटलं. संध्याकाळी घरी जाताना ती दोन पावलं मागून चालत होती. वाटेत एवढंच म्हणाली, "बरं वाटतं ऐकाया."

माती मोजायची पद्धतही सांगतो, कारण आजच्या मुलांनी ती पाहिलेली नसणार. खणलेल्या खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब तसाच सोडायचा. मूळ जमीन कुठवर होती ते त्यावरून कळायचं. लांबी, रुंदी, खोली घ्यायची आणि घनफळ काढायचं. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. ऑफिसचा हिशेब घनमीटरात आणि माणसांचा ब्रासात. घामानं निथळलेली माणसं भोवती उभी राहायची, "किती भरलं रं?" मी एका ब्रासाला २.८३ घनमीटर धरून पुठ्ठ्यावर गुणाकार करायचो. दगड लागलेल्या टोळीचं माप भरायचं नाही. मुरुमाला टिकाव लागला की ठिणगी उडायची, बाया डोक्यावरचं घमेलं तसंच धरून थांबायच्या, आणि आठवड्याच्या शेवटी माणशी बारा-तेरा रुपये पडायचे. मातीत पडलेल्या टोळीला पंधरा. दगड कुणाच्या वाट्याला येईल हे कुणी ठरवलेलं नव्हतं असं म्हणायचे. मुकादमाच्या भावकीला मात्र तो कधी लागला नाही.

त्या पैशात रेशनचा मिलो यायचा. तांबडी, परदेशी ज्वारी. मंगळवेढ्याच्या शाळूची चव तोंडात असलेल्या माणसांनी ती खायची म्हणजे शिक्षाच. पिठाला चिकटा नाही. आई आधणाचं पाणी घालून मळायची, तरी भाकरी थापताना कडेनं फाटायची आणि तव्यावर टाकताना तिचे दोन तुकडे व्हायचे. दुपारी फडकी सुटली की तांबड्या तुकड्यांची रांग दिसायची. अमेरिकेत हे जनावरांना घालतात, असं कुणीतरी वाचून सांगितलं. वडील म्हणाले, "मग आपल्या बैलास्नी का न्हाई देत?" आमची खिलारी जोडी त्यांनी सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात नेऊन दोन वेळा परत आणली. तिसऱ्यांदा एकटेच आले. कितीला दिली हे त्यांनी आम्हाला मरेपर्यंत सांगितलं नाही.

कामावर सुकडी मिळायची, भाजल्या पिठाची, गोडसर. ज्यांनी पोरं आणली नव्हती त्या बाया ती पदराच्या गाठीला बांधून घरी न्यायच्या. रांजणावर एक म्हातारी पाणी वाटायला होती. हातात एकच पेला आणि जीभ अशी, की दुसरा पेला मागायची कुणाची छाती नव्हती.

आता शाळेचं. जानेवारी १९७३ मध्ये एका दुपारी हेडमास्तर सायकल ढकलत बांधावर आले. चाकात हवा नव्हती की त्यांच्यात, कोण जाणे. कॅरियरला नववी-दहावीचा हजेरीपट बांधलेला. माझ्या पालाच्या सावलीत बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "तुझं मुस्टर काढ." दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. ते एक नाव वाचायचे, मी माझ्या मुस्टरात शोधायचो. एकोणीस नावं जुळली. त्यांच्या पटावर गैरहजर ते माझ्याकडं हजर. तारखांसह. चौदा वर्षांच्या पोरांचं वय मीच अठरा लावलं होतं, आणि ते रकाने त्यांच्या बोटाखालूनच सरकत होते. मला वाटलं, आता कान धरतील.

त्यांनी विचारलं, "यांना आठवड्याला काय पडतं?"

"बारा-तेरा, सर."

त्यांनी पट मिटला. बराच वेळ बांधाकडं बघत बसले. तिथं त्यांचाच एक स्कॉलरशिपचा मुलगा घमेलं रिकामं करून परत खाली उतरत होता. मग म्हणाले, "रविवारी काम बंद ना? बाजाराचा दिवस. त्या दिवशी यांना इथंच पाठव, त्या लिंबाखाली. शाळेत बोलवायला नको, येऊन-जाऊन सहा मैल चालतील आणि सोमवारी घमेलं उचलायचं नाही."

पुढं चार महिने ते दर रविवारी आले, गणिताच्या सरांनाही घेऊन आले. फळा नव्हता, बांधाच्या दाबलेल्या मातीवर काठीनं आकृत्या काढायचे. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती मला आपल्या शाळेच्या शिपायाकडून कळली. त्या एकोणीस पोरांची गैरहजेरी ते शिसपेन्सिलीनं लावत होते. "शाईनं लावलं की पोरगं पटावरून गेलं," असं ते त्याला म्हणाले होते. नियमात बसणारं ते नव्हतं, माझं अठराही नव्हतं. त्या एकोणीसांतले आठ जण मॅट्रिक झाले. दोघांचे लेख याच स्मरणिकेत आहेत. त्यांनी त्या लिंबाबद्दल लिहिलं असेल तर माझ्याशी ताडून पाहावं.

आता जे लिहितो ते कधी कुणाला सांगितलेलं नाही. मार्चच्या सुमारास मुकादमानं मला दोन नावं जास्तीची लिहायला सांगितली. "माणसं आहेत, उद्यापासून येतील." त्यातलं एक नाव माझ्या वर्गमित्राचं होतं. तो दिवाळीतच मुंबईला पळून गेला होता, कापडगिरणीत बदली कामगार म्हणून चिकटला असावा असं गावात बोलायचे. मला हे ठाऊक होतं. मुकादमानं मनात आणलं असतं तर माझ्या जागी दुसरा मॅट्रिक झालेला पोरगा दुसऱ्याच दिवशी बसला असता. मी नाव लिहिलं, चांगल्या अक्षरात, आणि सहा दिवसांच्या सहा रेघा ओढल्या.

पगाराच्या दिवशी नावं मीच पुकारायची, अंगठा घ्यायचा, पैसे मोजणारा शेजारी. त्या मित्राचं नाव मी जरा हळूच घेतलं. मुकादमाचा माणूस अंगठा पुढं करून तयारच होता. तेवढ्यात रांगेच्या शेवटून घमेलं पडल्याचा आवाज आला. मित्राची आई. ती आमच्याच कामावर, पण दुसऱ्या टोळीत होती, हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. माणसं बाजूला सारत ती पुढं आली, अंगठा देणाऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"माझा आलाय का रं?"

मी म्हणालो, "न्हाई काकी. दुसरा हाय. नावासारखं नाव."

"बापाचं पण?"

मुकादम हसला आणि तिला रांगेत ढकलली. ती गेली. आपला पगार घेताना तिनं मुस्टरावर अंगठा उठवला, पण बराच वेळ उचलला नाही. तिला वाचता येत नव्हतं. तरी आपल्या लेकाचं नाव त्या कागदावर कुठं आहे ते ती शोधत होती. पुढच्या आठवड्यापासून ती दोन नावं मी लिहिली नाहीत. मुकादमाला सांगितलं, साहेब मोजणीला येणार आहेत. ते खोटं होतं, पण चाललं. जे आधी लिहून झालं होतं ते तसंच राहिलं, शाईत.

त्या मे महिन्यात राज्यभरात असे पन्नास लाखांच्या आसपास लोक दुष्काळी कामांवर होते, हे मला फार पुढं वाचायला मिळालं. तेव्हा आम्हाला आमचा बांधच जगाएवढा होता. पुढं मी एका कचेरीत कारकून झालो. १९७५ पासून पगारातून व्यवसाय कर कापायला लागले, तो रोजगार हमीसाठी. विसापूरच्या वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली ती योजना, तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पगारपत्रक मीच करायचो. त्या कपातीच्या रकान्यावरून दर महिन्याला कुणीतरी कुरकुरायचं, आणि मी उगाच त्यांच्या अंगावर जायचो. एकानं एकदा विचारलंच, "तुमचं काय जातं हो?" त्याला काय सांगणार.

१९७३ साली मृग वेळेवर आला. रात्रभर पडला. पालातलं मुस्टर मी छातीशी धरून बसलो होतो, मेणकापड पायांवर. सकाळी आठला चिखल तुडवत वर गेलो. चारशेपैकी साठ-सत्तर माणसं आली होती. आई नव्हती, ती आणि वडील चुलत्याची बैलं मागून पाभर धरायला गेले होते. टोळीमागून टोळी मी पुकारत गेलो आणि फुल्या मारत गेलो. खाली मागं टाकलेल्या खड्ड्यांत पाणी साठलं होतं, मोजायचे मातीचे खांब कडेनं ढासळत होते.

जे आले होते त्यांच्याकडं पाहिल्यावर ध्यानात आलं. ज्यांना पेरायला रान नव्हतं तेवढेच आले होते. मित्राची आई पहिल्या रांगेत होती. मी तिच्या टोळीचं पान उलगडायच्या आधीच ती म्हणाली, "हाय मी. लाव रेघ."