तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटचे माहितीपट

फोंड्याच्या बाजारात जुने विद्यार्थी भेटले की हमखास विचारतात, "बाई, एवढे माहितीपट तुम्ही बघता कुठे? आणि फुकट म्हणजे चोरीचेच ना?"

नाही. मी आधी एवढंच बघते, की पट कुणाच्या पैशातून झाला आणि नेटवर ठेवला कुणी. लोकांच्या पैशातून झालेला पट त्याच संस्थेनं खुला केला असेल, तर निर्धास्त बघावा. माहितीपट काढणाऱ्या आपल्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनचंच घ्या. १९४८ साली सुरू झाली, २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. थिएटरात सिनेमाआधी लागायचे ते अनुबोधपट तिचेच. त्यांतले पुष्कळ आज यूट्यूबवर तिच्याच वाहिनीवर आहेत. दिग्दर्शक एस. एन. एस. शास्त्रींचा १९६७ चा 'आय ॲम ट्वेंटी' जरूर बघा. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली मुलं विशीत आल्यावर देशाबद्दल काय बोलतात, ते ऐकून मी दोन दिवस अस्वस्थ होते. पीएसबीटीची, म्हणजे पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टची, वाहिनीही तशीच. परदेशातलं हवं असेल तर कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचं संकेतस्थळ आणि जर्मनीच्या डीडब्ल्यू या सार्वजनिक प्रसारणसंस्थेची माहितीपटांची वाहिनी. प्रसारभारतीचं 'वेव्हज' हे ओटीटी ॲप तर २०२४ च्या नोव्हेंबरात आपल्या पणजीच्या इफ्फीतच, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातच, सुरू झालं. त्यातलंही बरंचसं फुकट आहे.

दुसरी वाट हक्क, म्हणजे कॉपीराइट, संपलेल्या पटांची. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे गोवा मुक्त झाला त्या १९६१ साली भारतात प्रदर्शित झालेल्या पटाचा हक्क २०२१ च्या अखेरीला संपला. असे जुने पट इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन संग्रहात शोधता येतात. मात्र तिथे कुणीही काहीही चढवू शकतं, म्हणून साल आणि निर्माता बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

चोरीचा पट ओळखायला फार हुशारी लागत नाही. चित्र आरशातल्यासारखं उलटं, दुकानाच्या पाट्या उलट्या वाचायला येतात, आवाज किंचित चिरका. चोरी शोधणाऱ्या यंत्रणेला सापडू नये म्हणून केलेली ही हातचलाखी. टेलिग्रामवरून आलेलं, नाहीतर 'आधी हे ॲप घ्या' म्हणणारं काही उघडूच नका.

एवढं जीव तोडून सांगते, कारण माझ्या भाच्यानं दोन वर्षं खपून खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवर, पट केला होता. भरतीच्या वेळी मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, ते दृश्य मिळावं म्हणून तो रात्री रात्री बांधावर बसायचा. कुणीतरी तो पट उचलून आपल्या नावानं टाकला. पुढे एका महोत्सवानं 'आधीच प्रदर्शित' म्हणून तो नाकारला. पोरगं आठवडाभर नीट जेवलं नाही.

अजून एक विचारतात, शाळेत दाखवलं तर चालेल का? शाळेच्या उपक्रमात, फक्त मुलं, शिक्षक आणि पालक बसले असतील, तर कायदा सूट देतो. देवळाच्या मंडपात पडदा लावायचा असेल तर मात्र निर्मात्याला लिहून विचारा. मी दोनदा लिहिलं. एकदा तिसऱ्याच दिवशी होकार आला. दुसऱ्या वेळी दिग्दर्शिकेनं स्वतः फोन करून विचारलं, "मुलं किती येणार? मी येऊ का?"