तुम्ही विचारलंत म्हणून: बुडीत सॅटेलाइट फोन कंपनीचा शेअर घ्यावा का

म्हापशाच्या बाजारात हातात सुंगटांची पिशवी असली तरी लोक गाठतात मला. "ती सॅटेलाइट फोनवाली कंपनी डबघाईला आलीय, शेअर मातीमोल झालाय, पण उपग्रह तर वर फिरतायतच ना, मग कंपनी जाणार कुठे? घेऊ का थोडे?"

कंपनी नसेलही जात कुठे. तुम्ही जाल.

आमचे भावोजी तारवटी, जहाजावर मोटरमन. १९९८ साली अमेरिकेतल्या भावामार्फत त्यांनी इरिडियम या सॅटेलाइट फोन कंपनीचे शेअर्स घेतले, मोटोरोलासारखी बडी अमेरिकन फोन कंपनी पाठीशी होती म्हणून. आधी ७७ उपग्रहांचा बेत, म्हणून ७७ अणुक्रमांकाच्या धातूचं नाव ठेवलं, मग ६६ वरच भागवलं, नाव तेवढं तसंच राहिलं. खर्च सुमारे ५ अब्ज डॉलर. जहाजावर एकाकडे तो फोन होता, हा विटेएवढा, आणि केबिनमध्ये ढिम्म लागायचा नाही, डेकवर उघड्यावर येऊन जाड अँटेना उभी करून आभाळाकडे बघत बसायचं, तोही हजारो डॉलरचा आणि मिनिटाचे दर ऐकूनच बोलणं आटोपतं घ्यावं असे. तोवर साधे मोबाइल स्वस्त होत सगळीकडे पोचले, गिऱ्हाईक येणार कुठून! नोव्हेंबर १९९८ ला सेवा सुरू, ऑगस्ट १९९९ ला दिवाळं.

आता मुद्द्याचं. दिवाळखोरीत आधी बँका, मग बाँडवाले (रोखे घेऊन कंपनीला कर्ज दिलेले), बाकी ज्यांचं देणं थकलंय ते, आणि साधा शेअरवाला पंगतीच्या पार टोकाला, तिथवर पातेलं येईतो त्यात नुसता डाव वाजतो. २००० च्या शेवटी नव्या लोकांनी सगळं जाळं सुमारे अडीच कोटी डॉलरला उचललं, म्हणजे रुपयाला अर्धा पैसा. कर्जाचं ओझं गेलं, धंदा चालला, २००९ ला कंपनी पुन्हा शेअर बाजारात आली. भावोजींना शून्य, कारण ही कंपनी वेगळी, जुने कागद जुन्या कंपनीचे. म्हणून आधी कर्ज किती आणि फेडायचं कधी ते बघा, उपग्रह नंतर मोजा.

मध्यंतरी गोव्याच्या दाबोळी विमानतळावर विदेशी पर्यटकांना सॅटेलाइट यंत्र बाळगलं म्हणून अडवल्याच्या बातम्या होत्या (आपल्याकडे परवानगी लागते). त्यातलं गार्मिन कंपनीचं यंत्र इरिडियमवरच चालतं हे मी भावोजींना सांगितलं, तर चेहरा खुलला, "म्हणजे माझा एखादा स्क्रू आहे अजून वर!"

म्हटलं नाही हो, २०१७ ते २०१९ मध्ये उपग्रहही नवे घातले.