क्रोनबोर्गच्या तोफा आणि सामुद्रधुनीची जकात

कोपनहेगनहून उत्तरेकडे जाणारी गाडी पाऊण तासात हेल्सिंगोरला पोहोचते. स्थानकाबाहेर पडले की समोर ओरेसुंडची सामुद्रधुनी आणि पलीकडे थेट स्वीडनचा किनारा दिसतो. मधले अंतर जेमतेम चार किलोमीटर. क्रोनबोर्ग किल्ल्यावर बहुतेक पर्यटक शेक्सपिअरच्या नाटकातल्या हॅम्लेट या राजपुत्राच्या ओढीने येतात, मी मात्र तिथे चारशे वर्षांहून अधिक काळ वसूल झालेल्या जकातीसाठी गेले होते.

पाण्याकडे तोंड करून रांगेत उभ्या असलेल्या तोफांपाशी थांबले की या वसुलीचे मर्म कळते. बाल्टिक समुद्रातून धान्य, लाकूड आणि डांबर घेऊन निघालेले, तसेच पश्चिमेकडून मीठ, मद्य आणि कापड घेऊन येणारे जहाज याच अरुंद जागेतून जाई. 1658 पर्यंत दोन्ही काठ डेन्मार्कचेच होते, आणि वळसा घालून जाण्याचे इतर जलमार्गही त्याच राजाच्या मुलखातून जात. पंधराव्या शतकात राजा एरिकने प्रत्येक जहाजामागे एक सोन्याचे नाणे घ्यायला सुरुवात केली. ज्याच्या हाती दार, त्याच्या हाती पैसा, इतका तो सरळ व्यवहार होता.

खरी हुशारी पुढे फ्रेडरिक दुसरा याच्या काळात, 1567 नंतर दिसते. जकात आता जहाजावर नव्हे, तर मालाच्या किमतीवर लागू लागली. किंमत कोण सांगणार? कप्तानच. मुलुंडच्या जकातनाक्यावरच्या ट्रकच्या रांगा पाहिलेल्या माणसाला (मुंबईतली जकात 2017 मध्ये संपली) पुढचा प्रश्न सुचलाच पाहिजे: मग किंमत कमी सांगितली तर? त्यावरचा उपाय असा होता की कप्तानाने सांगितलेल्या किमतीला तो माल विकत घेण्याचा हक्क राजाने स्वतःकडे ठेवला होता. खोटे बोलून मूल्य उतरवावे, तर माल मातीमोल भावाने राजाच्या घशात जाणार. खरे सांगावे, तर जकात भरावी लागणार. प्रत्येक पेटी फोडून पाहणाऱ्या निरीक्षकांची फौज ठेवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडले असणार. या वसुलीच्या वह्या कोपनहेगनच्या अभिलेखागारात जपलेल्या आहेत आणि 1497 ते 1857 या काळातल्या जहाजांच्या सुमारे अठरा लाख फेऱ्यांची नोंद त्यांत सापडते.

हा पैसा राज्यमंडळाच्या, म्हणजे सरदारांच्या सभेच्या नव्हे, तर राजाच्या स्वतःच्या खजिन्यात जाई. म्हणूनच ख्रिश्चन चौथा याला मंडळाची संमती नसतानाही 1625 मध्ये जर्मनीतल्या युद्धात उडी घेता आली. नंतर त्याने जकात भरमसाट वाढवली, तेव्हा डच व्यापाऱ्यांचा संयम सुटला आणि 1645 मध्ये त्यांचा आरमारी ताफा जकात न भरता या तोफांसमोरून निघून गेला. त्याच वर्षीच्या तहाने स्वीडनलाही माफी मिळाली, जी 1720 मध्ये पुन्हा गेली.

जकातीचा शेवट मात्र लढाईने झाला नाही. अमेरिकेने यापुढे पैसे देणार नाही असे बजावले, इतर व्यापारी राष्ट्रांचाही दबाव वाढला, आणि 14 मार्च 1857 च्या कोपनहेगन कराराने त्यांनी एकरकमी भरपाई देऊन ही जकात कायमची विकत घेतली. एकूण रक्कम सुमारे साडेतेहेतीस दशलक्ष रिग्सडालर (तेव्हाचे डॅनिश चलन) ठरली, आणि त्यात ब्रिटन व रशियाचा वाटा सर्वांत मोठा होता. अमेरिकेने स्वतंत्र तह करून आपले पैसे भरले. डेन्मार्कने आपला हक्क अशा रीतीने सोडला की तोटा झाला असे म्हणायला फारशी जागा राहिली नाही; माझ्या मते राजांच्या कारभारातला हा सर्वांत शहाणा सौदा.

तोटा झाला तो गावाचा. जकात भरायला थांबणाऱ्या जहाजांना पाणी, शिधा आणि दोर पुरवूनच हेल्सिंगोर जगत होते. 1882 मध्ये जहाजबांधणीचा कारखाना आला आणि 1983 मध्ये तोही बंद पडला. त्याच्या कोरड्या गोदीत आता सागरी संग्रहालय आहे. स्वीडनमध्ये मद्यावरचा कर जड असल्यामुळे पलीकडचे लोक फेरीने इथे येतात आणि बिअरचे खोके चाकांच्या गाड्यांवर रचून परत नेतात. त्यांच्यासाठी मांडलेली दारूची दुकाने फेरीच्या धक्क्याजवळच आहेत.