तुम्ही विचारलंत म्हणून: अर्धी गोळी चालेल का?

इंदूरच्या दवा बाजारात मला ट्रान्सप्लान्टवाल्या घरची माणसं ओळखतात. कोणी ना कोणी विचारतंच, "काकू, सीएमव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. गोळी केवढी महाग! अर्धी दिली तर?" सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलो विषाणू, आणि गोळी म्हणजे त्याला रोखणारी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर.

नको. मी करून बसले आहे, म्हणून सांगते.

मुलाला किडनी मी दिली. सायटोमेगॅलो विषाणू आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात निपचित पडलेला असतो. माझ्यात होता, त्याच्यात नव्हता. म्हणजे किडनीबरोबर तोही मीच दिला. अशा जोडीत धोका सगळ्यात जास्त. म्हणून साधारण 200 दिवस व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर देतात. आमच्याकडे रोज 900 मिलिग्रॅम, 450 च्या दोन गोळ्या.

तिसऱ्या महिन्यात पांढऱ्या पेशी उतरल्या. याच गोळीने उतरतात, एवढं मला ठाऊक होतं. तुम्हाला पैशाची काळजी, मला भीती. डॉक्टरांना न विचारता दोनाची एक केली. डब्यात रोज एक गुलाबी गोळी उरायची आणि मला बरं वाटायचं.

पाच आठवड्यांनी ताप, जुलाब. रक्तात विषाणू सापडला. दिवसातून दोनदा 900 देऊनही दोन आठवड्यांत आकडा हलेना. विषाणूच्या जनुकांची तपासणी केली, तर यूएल97 या जनुकात बदल. हे औषध विषाणूच्याच, याच जनुकातून बनणाऱ्या एन्झाइममुळे जागं होतं. डोस अपुरा पडला की विषाणू औषध असतानाही वाढत राहतो, आणि ज्याचं ते एन्झाइम बदललेलं असतं तोच टिकतो. मग पूर्ण डोसलाही तो दाद देत नाही.

उरलं फॉस्कार्नेट हे दुसरं औषध. शिरेतून द्यायचं, आणि किडनीलाच जड. माझ्याच किडनीला सोसायचं ते औषध थेंब थेंब उतरताना बघत मी तीन आठवडे त्याच्या उशाशी बसले. किडनी कशी चालली आहे ते सांगणारा क्रिएटिनिनचा कागद रोज येईपर्यंत पाणीसुद्धा घशाखाली उतरत नसे.

पेशी उतरल्या तर डॉक्टर मायकोफेनोलेट (शरीराने किडनी नाकारू नये म्हणूनचं औषध, तेही पेशी उतरवतं) कमी करू शकतात, पेशी वाढवायचं इंजेक्शन देऊ शकतात. क्रिएटिनिन बघून त्यांनीच एक गोळी लिहिली असेल, तर तुमचा पूर्ण डोस तोच. पैसे कमी पडत असतील तर तेही त्यांनाच सांगा, संकोच करू नका.

मुलगा आता बरा आहे. गोळ्यांचा डबा मात्र मला हात लावू देत नाही, स्वतः भरतो.