नरकासुराची वाघीण

आमच्या माडीवरच्या छोट्या, मॉडेलच्या रेल्वेत मालगाडीवर उभा असलेला नरकासुराचा पुतळा बोगद्याच्या तोंडाशी आला की आडवा होतो आणि पलीकडे बाहेर पडला की पुन्हा ताठ उभा राहतो. बघायला आलेला माणूस आधी हसतो, मग वाकून वाघिणीच्या, म्हणजे मालडब्याच्या, खाली बघतो. मोटार कुठे लपवलीय, हा ठरलेला प्रश्न. मोटार नाहीच. नरकासुराच्या पायाशी एक आडवी दांडी आहे, त्या दांडीवर तो झुलतो. दांडीच्या खाली शिसं लटकवलंय, म्हणून एरवी तो उभा असतो. दांडीचं एक टोक वाघिणीच्या बाहेर दोन मिलिमीटर काढून वाकवलंय. बोगद्याच्या अलीकडे रुळांच्या कडेने एक तार हळूहळू वर चढत जाते, ती या टोकाला उचलते आणि महाराज पुढे झुकत झुकत आडवे पडतात. बोगदाभर तार त्याच उंचीवर, म्हणून आत ते निजलेलेच. बाहेर तार उतरली की शिसं आपलं काम करतं.

तार म्हणजे कवळीचे हूक वाकवायला वापरतो ती ०.९ मिमीची स्टेनलेस तार. मी गोव्यात फोंड्याला दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. रेल्वेचं अर्धं सामान त्या कामातूनच सुचलेलं आहे, आणि हात तर सगळा तिथलाच. शिसं मात्र बाजारातलं, मासे गरवायच्या दोरीला लावतात त्या गोळ्या. माझ्यासारख्या बाईला त्या गोळ्या कशाला हव्यात, हे दुकानदाराने एकदा विचारलं. ‘नरकासुराला’ म्हटल्यावर पुन्हा विचारलं नाही.

माझ्या रेल्वेची मूळ गोष्ट अशी: आमच्याकडे दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे मिरवतात आणि पहाटे जाळतात. आमचा नरकासुर जळायच्या आधीच मालगाडी पकडून कुळ्यावरून घाट चढून कॅसलरॉककडे पळ काढतोय. कुळे स्टेशनावर केरोसीनचा डबा घेऊन धावत आलेली चार पोरं आहेत, गाडी फलाटावरून सुटलेली आहे. बोगद्यात शिंगं आपटू नयेत म्हणून तो निजतो. उभा असताना तो रुळापासून ९५ मिमी भरतो आणि माझा बोगदा ८० मिमीचा आहे. म्हणजे त्याला निजायला खरंच कारण आहे, आणि मला वाटतं सगळी गंमत त्या कारणात आहे.

पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. ते बघून आलेल्या माणसाला वाटतं, सगळं असं नेटकं आणि खऱ्यासारखंच हवं. मलाही तसंच वाटायचं, पण मोजमाप करायला बसले आणि पहिल्याच आकड्याशी अडले. माझं प्रमाण १:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान; या छंदात त्याला एचओ म्हणतात. त्याच्या बाजारात मिळणाऱ्या रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, ती या प्रमाणात १९.३ मिमी हवी. मुरगाव ते कॅसलरॉक ही लाइन १९व्या शतकात पोर्तुगीज अमदानीत घातली ती मीटरगेज, ती व्हायला हवी ११.५. म्हणजे माझे रूळ गोव्यात कधीच नव्हते, आजही नाहीत. पायाच असा लबाड निघाल्यावर मी स्वतःला मोकळं सोडलं.

पण मोकळं सोडलं म्हणजे काहीही केलं असं नाही. कॅलिफोर्नियात माँटेरीला जॉन अ‍ॅलन नावाचा एक माणूस होता. त्याच्या तळघरातली रेल्वे या छंदात आजही लोकांच्या तोंडी आहे. त्याच्याकडे एमा नावाची एक स्टेगोसॉरस होती, अगदी डायनासोर, आणि ती यार्डात वाघिणी इकडून तिकडे न्यायची. शंटिंगचं इंजिन जे करतं तेच. १९७३ साली तो गेला आणि काही दिवसांतच ती रेल्वे आगीत गेली, पण एमाची गोष्ट राहिली. मला तिचं आवडतं ते हे, की तिला शोभेला उभं केलेलं नव्हतं, तिला कामाला लावलं होतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक खुळाला मी आधी विचारते: तू रेल्वेत काय काम करतोस?

आता घाट. कुळे ते कॅसलरॉक चढ १:३७ चा आहे, मालगाड्यांना जादा इंजिनं लावल्याशिवाय भागत नाही. या छंदात साधारण दोन-तीन टक्क्यांच्या वर चढ घेऊ नये म्हणतात आणि १:३७ म्हणजे २.७ टक्के. खरा घाट जसाच्या तसा घेता येतो अशी ही एकच गोष्ट मला मिळाली आणि मी ती सोडली नाही. मीटरभर रुळामागे २७ मिमी चढ. खालच्या रुळावरून वरचा रूळ न्यायला प्लायची जाडी धरून साडेआठ सेंटिमीटर उंची लागते, त्यासाठी तीन मीटरहून जास्त रूळ खर्ची पडतो. आठ बाय चारच्या फळीवर हा हिशोब बसवताना पेन्सिल झिजते. दूधसागरची गोष्ट उलटी. तो ३१० मीटरचा, माझ्या प्रमाणात साडेतीन मीटर, म्हणजे छप्पर फोडून कौलांवर. तो मी दीड फुटावर आणला आणि मनाला काही लागलं नाही. पारदर्शक सिलिकॉन प्लॅस्टिकच्या कागदावर ओढून वाळवायचं, सोलून काढायचं, कोरड्या ब्रशने पांढरा रंग फिरवायचा, झालं.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतींवर मात्र माझा जीव आहे. लॅबमध्ये साचे ओततो तो डेंटल स्टोन साध्या प्लास्टरपेक्षा कडक असतो, त्यावर बारीक रेघ टिकते. त्याची पातळ लादी ओतायची, अर्धवट आळली की चिरे आखायचे. चिरा फूटभर धरला तर १:८७ मध्ये साडेतीन मिमी. मग मायक्रोमोटरला, म्हणजे लॅबमधल्या हातात धरायच्या छोट्या ड्रिलला, सगळ्यात लहान गोल बर (कोरायचं टोक) लावून प्रत्येक चिऱ्यावर टोचे मारायचे, दाट, वेडेवाकडे, दोन टोचे एका रांगेत येता कामा नयेत. चिऱ्याला भोकं असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती भोकं सारखी नसतात, काही एकमेकांत मिसळून लांबट होतात, हे टोचायला बसल्यावरच दिसतं. एक भिंत मनासारखी झाली की सिलिकॉन पुट्टीत तिचा साचा घ्यायचा आणि मग हव्या तेवढ्या भिंती. रंग आधी फिका नारिंगी, वर तांबडा, शेवटी पाण्यासारखा पातळ काळा, तो भोकांत उतरला की भिंत पावसाळे काढल्यासारखी दिसते.

झाडांना मोहराच्या काड्या. आंबे लागून गेल्यावर झाडाखाली वाळके तुरे पडतात, त्यांच्या फांद्या इतक्या नाजूक फुटलेल्या असतात की विकतच्या झाडांकडे बघवत नाही. त्यावर रंगवलेला लाकडाचा भुसा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे भिंतीलाही बुरशी येते, म्हणून भुशात कॅरमची बोरिक पावडर मिसळते. माती अंगणातलीच चाळून घेते, पण आधी तिच्यातून लोहचुंबक फिरवायचा. आमच्या तांबड्या मातीतले काही कण चुंबकाला चिकटतात, तेच उडून इंजिनाच्या मोटारीत गेले तर मोटार रडायला लागते.

गाडीत नरकासुराच्या मागे पदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाघीण आहे. निळ्या प्लॅस्टिकखाली झाकलेली टोपली, टोपलीत उंडे, म्हणजे आमचे गोल पाव. माझ्या रेल्वेत उंडा म्हणजे राजगिऱ्याचा दाणा. तो साधारण एक मिलिमीटरचा असतो, ८७ पट केला की पावणेनऊ सेंटिमीटर, अगदी हातात मावणारा उंडा. दाणे तव्यावर किंचित भाजून घेतले, रंगही आपोआप मिळाला. त्याच्या मागे माटोळीची वाघीण (चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-पानं लटकवतात ती माटोळी): लाकडी चौकट आणि तिला लटकलेले नारळ, सुपारीची शिपटी, चिबूड, आंबाडे. भाचा आला होता तेव्हा त्याने आक्षेप घेतला. ‘मामी, माटोळी चतुर्थीची, नरकासुर दिवाळीचा. एका गाडीत कसे?’ मी म्हटलं, माटोळीची वाघीण भाद्रपदापासून यार्डात अडकून पडली होती, रिकामं इंजिन आज मिळालं. रेल्वेत नोकरी केलेल्या सासऱ्यांनी मान डोलावली, म्हणून तो गप्प बसला.

वजनाचं मात्र कुणाला हसण्यावारी नेऊ देत नाही. अमेरिकेतल्या एनएमआरए या संस्थेचा या प्रमाणासाठी नियम आहे: वाघिणीला आधी एक औंस, वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपल्या मापात २८ ग्रॅम अधिक सेंटिमीटरमागे साडेपाच-सहा ग्रॅम, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या वाघिणीला ११२ ग्रॅमच्या आसपास. हलकी वाघीण मधे आणि जड वाघिणी मागे असल्या की वळणावर ती आतल्या बाजूला ओढली जाते आणि आडवी होते. माटोळी उंच आणि पोकळ, म्हणून तिच्या तळाखाली सगळ्यात जास्त शिसं. वजन खाली ठेवायचं, वर नाही.

सगळ्यात लांब वाघीण फेरीबोटीची. कोकण रेल्वे १९९९ पासून ट्रक वाघिणींवर चढवून कोलाडहून वेर्ण्याला आणते, मग आम्ही फेरीबोट चढवली. तिच्यावर स्कूटरवाले तसेच बसलेले, हेल्मेट घालून, आणि गाडी पुलावरून नदी ओलांडते. तिच्या दोन टोकांच्या चाकांच्या जोडगाड्यांमध्ये (बोगींमध्ये) १६० मिमी अंतर आहे आणि माझ्या वळणाची त्रिज्या ४३८ मिमी, त्यामुळे वळणावर बोटीचा मध्य सात मिमीहून जास्त आत सरकतो. तिथला सिग्नल हलवावा लागला. पुठ्ठ्याचा बोटीएवढा आकार कापून आधी तोच सगळ्या वळणांवरून ढकलत नेला, म्हणून बोटीचा रंग शाबूत आहे.

सध्या शिगम्याचा, म्हणजे आमच्या शिमग्याचा, चित्ररथ टेबलावर आहे. त्यावरचा घोडेमोडणीवाला, म्हणजे कमरेला लाकडी घोडा बांधून नाचणारा, गाडी चालली की नाचायला हवा, आणि गाडी थांबली की थांबायला हवा, म्हणून त्याला बॅटरी द्यायची नाही. चाकाच्या आसावर लहान कप्पी, वर तिप्पट मोठी कप्पी, म्हणजे चाकाच्या तीन फेऱ्यांत त्याची एक उडी. मधल्या पट्ट्याला दातांच्या ब्रेसेसना लावतात ती चिमुकली रबरं चालतात, ती निरनिराळ्या मापांत मिळतात. पण ती लॅटेक्सची, आमच्या मे महिन्यात चिकट होऊन तुटणार हे नक्की. तेव्हा घोड्याचा झगा काढता-घालता येईल असा शिवायचा आणि रबर बदलायला चिमटा जाईल एवढी जागा आत ठेवायची. झग्याला कापड आईच्या जुन्या ब्लाउजचं मिळालंय, तांबडं, जरीचा काठ दोन मिमीचा. घोड्याचं तोंड अजून मेणात आहे, उद्या लॅब सुटल्यावर ओतेन.