दादा अंगावर धावून येतो तेव्हा

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. स्वमग्नता आणि बौद्धिक दिव्यांगता दोन्ही. बोलणं मोजक्या शब्दांचं. अठराव्या वर्षी विशेष शाळा संपली, मग एक कार्यशाळा मिळाली, २०२० मध्ये कोविडने तीही बंद पाडली आणि तो घरातच राहिला. तिशीनंतर तो स्वतःचं मनगट चावायला आणि आईवर हात उगारायला लागला. लहानपणी हट्ट म्हणून खपलं असतं, पण नव्वद किलोच्या माणसाच्या चापटीने चष्मा फुटतो.

नातेवाइकांचे सल्ले ठरलेले: दृष्ट काढा, गोळी वाढवा, कुठेतरी ठेवून या. रिस्पेरिडोन, म्हणजे चिडचिड आणि मारणं कमी व्हावं म्हणून दिलेलं औषध, चालू होतंच. त्याने दादा सुस्तावला, भूक आणि वजन वाढलं, मारणं मात्र तसंच.

शेवटी पुण्याच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंची वेळ घेतली. त्यांचा पहिलाच प्रश्न, "याचे दात कोणी बघितलेत का?" दुखतंय हे ज्याला सांगता येत नाही, त्याचं वागणं एकाएकी बिघडलं तर आधी दात, कान, पोट साफ होतंय का, हे बघायचं. मागची दाढ पार किडलेली निघाली. खुर्चीत तो बसणार नव्हता, म्हणजे भूल देणं आलं, आणि तिथे कागद आडवा आला. दादा सज्ञान, मग संमतीवर सही कोणाची? अठरा पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. ज्यांचं मूल सतरा वर्षांचं आहे, त्यांनी कागदपत्रं आत्तापासूनच गोळा करावीत. ऐन दुखण्यात ही धावपळ नको.

दाढ काढल्यावर मनगट चावणं जवळपास थांबलं. हात उगारणं राहिलं. त्यासाठी बाईंनी वही ठेवायला सांगितली. तीन रकाने: आधी काय घडलं, त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. आईने पहिल्याच पानावर लिहिलं, "उगाच चिडला." बाईंनी ते खोडलं. "ताट ढकललं, उजव्या दंडावर दोन चापट्या" असं हवं.

वही भरत गेली तसं दिसायला लागलं की निम्म्याहून जास्त प्रकार दुपारी, बाबांच्या बातम्यांच्या वेळेला. (निवृत्तीनंतर बाबांना तो एकच नाद, आणि चॅनलवरची ती भांडणं आम्हालाही सोसत नाहीत.) दादा आधी कानावर हात ठेवायचा, मग येरझाऱ्या घालायचा. आई जवळ जाऊन विचारायची, "काय झालं रे राजा? पाणी हवंय? भूक लागली?" तेवढ्यात फटका. मग त्याला शांत करायला कोणीतरी गच्चीवर न्यायचं. म्हणजे गच्चीवर जायचं तर आधी मारावं लागतं, हे तो आमच्याकडूनच शिकत होता.

बाबांना हेडफोन आणले. गच्चीचा फोटो काढून दाराशी वेल्क्रोने लावला. कानावर हात गेला की त्याचा हात धरून, त्याच्याच हाताने तो फोटो दारावरून सोडवून आपल्याला द्यायला लावायचा, म्हणजे 'वर ने' हे मारण्याऐवजी फोटोने सांगायचं, आणि लगेच, गॅसवर कुकर असला तरी, वर न्यायचं. मारल्यावर मात्र लगेच गच्ची नाही. बाकीच्यांनी खोलीबाहेर जायचं, एकानेच हातभर लांब, न बोलता थांबायचं. धरायचं नाही, दार अडवायचं नाही. तो शांत झाला की फोटो पुढे करायचा आणि मग निघायचं.

सुरुवातीला मारणं वाढलं. जुनी युक्ती चालेना म्हणून तो जास्त जोर लावणार, हे बाईंनी आधीच बजावलं होतं, तरी आई रडकुंडीला यायची, "अगं, ने ना त्याला वर, मला नाही बघवत." ते आठवडे फार वाईट गेले. मग एका दुपारी फोटो आपणहून बाबांच्या मांडीवर येऊन पडला.

पुढचं हळूहळू. दिवसाचं वेळापत्रक फोटोंनीच भिंतीवर लावलंय. सकाळी तो गल्लीतल्या मेडिकलवाल्या काकांसाठी कागदी पाकिटं करतो. मनोविकारतज्ज्ञ डोस टप्प्याटप्प्याने उतरवताहेत. औषध आपल्या मनाने कधीच बंद करू नये.

लाईट गेली की अजून बिघडतो, त्यावर इन्व्हर्टर घेतला. गणपतीतल्या डीजेवर मात्र इलाज नाही. आमच्या मिरजेची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यामुळे त्या सुमारास आम्ही मावशीच्या मळ्यात मुक्कामाला जातो. गच्चीचा फोटो तिथे चालत नाही. विहिरीचा वेगळा काढून घेतलाय.