जोडी मोडली ती गालिच्याने

लंडनमधल्या एका लिलावगृहात मी आशियाई वस्तूंचे कॅटलॉग लिहिते. चिनी पूर्वजांची चित्रं आमच्याकडे अधूनमधून येतच असतात. समोर तोंड करून खुर्चीत बसलेले आजोबा नाहीतर आजी, हात बाह्यांत गुडूप, चेहऱ्यावर हसू नाही की राग नाही. चित्र चांगलं माणसाएवढं उंच, त्यात भरजरी झगा. डेकोरेटर मंडळी यांच्यावर जीव टाकतात, कारण जेवणघराची अख्खी भिंत एका फटक्यात सजते. जोडी असेल तर विचारूच नका.

अशीच एक ‘जोडी’ एका डेकोरेटर बाईंनी त्यांच्या अशिलातर्फे किंमत काढायला पाठवली. आजोबा नागरी अधिकारी, छिंग राजवटीच्या काळातले (1644 ते 1912). अधिकाऱ्याचा दर्जा छातीवरच्या चौकोनातल्या पक्ष्यावरून कळतो; इथे रानहंस, म्हणजे नऊपैकी चौथा दर्जा. टोपीवरचा गडद निळा मणीही त्याच दर्जाचा. इथवर सगळं जमत होतं. आजींच्या छातीवर मात्र क्रौंच. तो पहिल्या दर्जाचा पक्षी!

बायको नवऱ्याच्या हुद्द्याचाच पक्षी मिरवायची. पण लगेच निकाल देऊन चालत नाही. मुलगा मोठ्या पदाला चढला की आईवडिलांना, अगदी मृत्यूनंतरही, वरचा दर्जा मिळायचा. आजोबा आधी गेले, चित्र तेव्हाच झालं, आजी मागे राहून मुलाचं वैभव बघून गेल्या, असंही घडलं असेल. शिवाय चित्रकाराच्या कुंचल्यातून घरच्यांना बढती मिळवून घेण्याची हौस तिथेही होतीच.

मग पक्ष्यांच्या माना पाहिल्या. जोडप्याच्या चित्रांत बाईचा चौकोन आरशातल्यासारखा उलटा असतो, म्हणजे दोघं शेजारी बसली की पक्षी एकमेकांकडे बघतात. इथे दोन्ही पक्षी एकाच दिशेला बघत होते.

आमच्या संधारक बाईंनी, म्हणजे जुन्या चित्रांची डागडुजी आणि जपणूक करणाऱ्या बाईंनी, फ्रेमा उघडल्या. त्या चीनमध्ये शिकलेल्या, गुंडाळीचित्रं हाताळण्यात मुरलेल्या. काचेमागून कळत नव्हतं ते कडेला लगेच दिसलं: आजोबा रेशमावर, आजी कागदावर. यालाही सबब निघाली असती, दोघांच्या मृत्यूंत दहा-वीस वर्षांचं अंतर असेल म्हणून. पण दोघांच्या पायांखालचा गालिचा हुबेहूब एक होता आणि आतापर्यंत जोडी टिकली होती ती त्याच्याच जोरावर.

भिंग लावलं. आजोबांच्या झग्यातला निळा खनिजाचा, अझुराइटचा; त्याचे कण कुटलेल्या काचेसारखे वेगवेगळे दिसतात. गालिच्यातला निळा सपाट, गुळगुळीत. वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवल्याने अशा चित्रांना आडव्या घड्या पडतात, घडीवरचा रंग उडतो. झग्यावरून घडी गेली होती तिथे रंग तुटला होता. तीच घडी गालिच्यात शिरली तिथे मात्र निळा रंग भेगेच्या आत उतरलेला. म्हणजे चित्र आधी म्हातारं झालं, गालिचा नंतर आला. आजींच्या चित्रातही तेच. अतिनील दिव्याखाली दोन्ही गालिचे आसपासच्या रंगांपासून वेगळे, काळपट उठून दिसले. कुण्या व्यापाऱ्याने दोन घरांतली माणसं एका गालिच्यावर बसवून लग्न लावून दिलं होतं. गालिचा काढला होता सुरेख, हेही सांगायला हवं.

मला यात खुपतं ते वेगळंच. ज्या घरांसाठी ही चित्रं काढली, त्यांना झग्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. तो ठरीव साच्यातला, कारागीरही बहुधा सही न करणारा. जीव असायचा चेहऱ्यात. माणूस गेल्यावर चित्र करायचं तर नाकाडोळ्यांचे नमुने नातेवाइकांपुढे ठेवून, यातलं कुठलं जुळतं ते विचारायचे. दाढीचा एक केस जास्त झाला तरी तो दुसराच माणूस, असा आक्षेप त्याच्याही कितीतरी आधी, अकराव्या शतकात, सोंग काळातल्या छंग ई या तत्त्वज्ञाने अशा चित्रांवर घेतला होता. नववर्षाला चित्र टांगायचं, नैवेद्य दाखवायचा, पुन्हा गुंडाळून ठेवायचं. सराफाकडे मोडीत आलेले देवघरातले टाक पाहिलेत कधी? तशी गत झालेली ही चित्रं. विसाव्या शतकात घरं विस्कटली, चित्रं बाजारात आली, आणि आम्ही झगा बघून भाव लावू लागलो.

संग्रहालयांनीही उशीरच केला. न्यू मेक्सिकोतल्या रिचर्ड प्रिट्झलाफ यांनी जमवलेली 85 चित्रं वॉशिंग्टनच्या सॅकलर गॅलरीत 1991 साली आली, तेव्हा कुठे अभ्यासकांचं नीट लक्ष गेलं.

संध्याकाळी डेकोरेटर बाईंना फोन केला. जोडी म्हणून लिहिता येणार नाही, दोन स्वतंत्र चित्रं म्हणूनच लिहीन आणि अंदाजे किंमतही उतरेल, असं सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या.

“पण शेजारी शेजारी शोभतात ना?”

“शोभतात की.”

“मग विकायचं राहू द्या. तुम्ही फक्त विम्याचा कागद द्या.”

संधारक बाईंचं मत गालिचा उतरवावा असं होतं, निदान एका कोपऱ्यात खाली काय आहे ते बघावं. परवानगी मिळाली नाही. विम्याच्या कागदावर मी ‘चिनी पूर्वजचित्रे, दोन, परस्परसंबंध नाही’ असं लिहिलं. डेकोरेटर बाईंनी शेवटचे दोन शब्द गाळायला सांगितले. मी गाळले नाहीत.